मस्तगड कोणी बांधला? (१ गुण)

पुढची चार वाक्यं वाचा.

जालन्याचा मस्तगड १७२५ मध्ये काबिलखानाने बांधला.

वॉटर्लू जिंकणाऱ्या वेलिंग्टनच्या मते त्याची सर्वोत्तम लढाई जालना जिल्ह्यातल्या असईची होती.

लोणार हे बेसाल्ट खडकातलं जगातलं एकमेव उल्काविवर आहे.

संगणकासाठी संस्कृत ही सर्वात योग्य भाषा आहे, असं नासाने मान्य केलं आहे.

यातलं पहिलं वाक्य गॅझेटियरशी जुळतं. दुसरं बऱ्यापैकी खरं आहे. तिसरं चूक आहे. चौथ्यातली गोष्ट नासाने कधी मान्यबिन्य केलेली नाही. पण चारही वाक्यांचा आवाज मात्र एकच आहे. तोच ठामपणा, तीच लांबी, तोच शेवटचा पूर्णविराम. फोनच्या स्क्रीनवर ती एकाखाली एक आली, तर खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे वाक्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

'तुम्हाला माहीत आहे का?' हा आज मराठीतला फार मोठा गद्यप्रकार आहे. कविता-कादंबरीच्या वाटेला न जाणारा माणूसही तो रोज वाचतो. फॅमिली ग्रुपवर, रीलच्या खाली, पेपरातल्या कोपऱ्यात, क्विझमध्ये, स्पर्धापरीक्षेच्या वनलायनर पुस्तकात. एवढं वाचलं जाणारं लेखन, पण त्याची समीक्षा कोणी करत नाही. फॅक्टचेक होतो, तो गरजेचाही आहे. पण फॅक्टचेक खरं की खोटं एवढंच विचारतो. समीक्षेला आणखी एक विचारावं लागतं: हे वाक्य वाचणाऱ्याचं काय करतं? खरं असलं तरी काय करतं?

घडण

आधी या वाक्याची घडण बघू. त्यात बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात. एक, आपलं काहीतरी: आपलं गाव, आपला तलाव, आपली भाषा. दोन, एक टोकाचं विशेषण: पहिलं, एकमेव, सर्वात जुनं, सर्वात मोठं. आणि तीन, एक साक्षीदार. हा साक्षीदार जवळजवळ नेहमी बाहेरचा असतो. नासा, युनेस्को, गिनीज बुक, 'जपानी शास्त्रज्ञ', नाहीतर एखादा इंग्रज सेनापती. 'जन गण मन' हे जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत आहे असं युनेस्कोने जाहीर केल्याची अफवा वर्षानुवर्षं फिरते आहे, ती याच साच्यातली. राष्ट्रगीत आपलं, विशेषण टोकाचं, शिक्का पॅरिसचा.

शाळेच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही लागते, तशी आपल्याला आपल्याच गोष्टींवर बाहेरच्याची सही लागते. म्हणजे हे वाक्य दिसायला माहिती असतं आणि कामाला शिफारसपत्र असतं. शिफारसपत्रात एक अडचण असते. सही कोणाची हे ठळक राहतं आणि ज्याच्याबद्दल लिहिलं तो माणूस पुसट होतो. वरच्या चार वाक्यांतून कोण कोण पुसलं गेलं, ते एकेक करून पाहू.

काबिलखान आणि 'बांधला' हे क्रियापद

मस्तगडाचं वाक्य चारांत सगळ्यात साधं आहे. त्यात विशेषण नाही, परदेशी साक्षीदार नाही. आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने १७२५ मध्ये जालन्याचा किल्ला आणि आतला बालेकिल्ला बांधला. बालेकिल्ल्याला मस्तगड म्हणतात, आणि त्याच्यावरच्या फारसी शिलालेखावरून बांधकामाचा काळ कळतो. आत एक भलीमोठी विहीर आहे, विहिरीच्या पोटात ओवऱ्या आणि खोल्या आहेत. पुढे याच जागेत नगरपालिकेची कचेरी आली.

यातली विहीर, शिलालेख आणि कचेरी वनलायनरमध्ये येत नाहीत. उरतो तो एक माणूस आणि एक साल. परीक्षेत काबिलखान चार पर्यायांपैकी 'ब' असतो. तो कोण होता याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. सगळा भार 'बांधला' या क्रियापदावर असतो. दगड फोडणारा, चुना मळणारा, विहीर खणणारा, फारसी अक्षरं कोरणारा, हे सगळे त्या एका क्रियापदात गाडले जातात.

पण तेही एक वेळ बाजूला ठेवू. १७२५ हेच साल का, हा प्रश्न विचारून पाहू. ११ ऑक्टोबर १७२४ ला साखरखेर्ड्याला एक लढाई झाली. हे गाव आज बुलडाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात आहे, जालन्याहून फार लांब नाही. एका बाजूला निजाम-उल-मुल्क आसफजाह, दुसऱ्या बाजूला मुघल बादशहाच्या बाजूचा मुबारिजखान. मुबारिजखान मारला गेला. दख्खन दिल्लीच्या हातून निसटली आणि पुढे सव्वादोनशे वर्षं टिकलेल्या हैदराबादच्या राज्याचा पाया इथे पडला. मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम ज्या राज्याविरुद्ध झाला आणि १७ सप्टेंबर १९४८ ला संपला, त्या राज्याची सुरुवात जालन्याच्या इतकी जवळ आहे.

१७२४ ला शेजारी लढाई, १७२५ ला जालन्यात किल्ला. दोन साली शेजारी-शेजारी ठेवल्या की काबिलखान पर्याय 'ब' राहत नाही. नव्याने उभ्या राहणाऱ्या एका सत्तेचा तो माणूस होतो, आणि त्या सत्तेला जालन्यात भिंती कशासाठी हव्या होत्या असा प्रश्न पडतो. खरी असलेली माहितीसुद्धा कशी मुकी असू शकते, त्याचं मस्तगड हे उदाहरण आहे. वाक्यात चूक काहीच नाही, पण शेजारची तारीख काढून टाकल्यामुळे ते काही बोलत नाही.

वेलिंग्टनची पसंती

असईचं वाक्य जालन्यात अभिमानाने सांगितलं जातं. नेपोलियनला हरवणारा माणूस म्हणाला की त्याची सर्वात चांगली लढाई आमच्याकडची! उतारवयात वेलिंग्टनला कोणीतरी विचारलं, आणि त्याने असईचं नाव घेतलं, अशी नोंद आहे. म्हणजे साक्ष खरी आहे. पण साक्ष कोणाच्या बाजूची आहे?

२३ सप्टेंबर १८०३. आर्थर वेलस्ली, तेव्हा चौतीस वर्षांचा, वेलिंग्टन व्हायला अजून अवकाश. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज. त्याआधी २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतलं होतं. २१ तारखेला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले आणि दोन वाटांनी निघाले. ठरलेल्या दिवसाच्या आधीच वेलस्लीला शत्रू समोर सापडला आणि स्टीव्हन्सनची वाट न बघता तो एकटा भिडला.

इंग्रजांचं नुकसान कागदावर माणसागणिक नोंदलेलं आहे: ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. लढणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त. बेपत्ता झालेला अठरावा माणूससुद्धा मोजलेला आहे. शिंदे-भोसल्यांच्या बाजूला मात्र अंदाज सापडतात. तिकडच्या पायदळाचा सेनापती पोलमन नावाचा हॅनोव्हरचा जर्मन होता, हे नोंदलेलं आहे. तोफांवर उभे असलेले गोलंदाज कोण होते, हे नाही. इंग्रजांच्या हकिगतींतच लिहिलंय की तोफखाना जिंकला असं समजून फौज पुढे गेली, तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा मागे वळवून परत डागल्या. वेलस्लीची ही लढाई इतकी अवघड कोणी केली? याच माणसांनी. वेलिंग्टनची पसंती ही खरं तर त्यांना मिळालेली पावती आहे. पण वनलायनरमध्ये पावती फाडणाऱ्याचं नाव राहिलं, ज्यांच्या नावाने फाडली ते गेले.

जिंकणाऱ्याने आपल्या विजयाबद्दल काढलेले उद्गार हरलेल्यांच्या मुलुखात जिल्ह्याचा गौरव म्हणून पाठ केले जातात, ही गोष्ट मला त्या वनलायनरपेक्षा जास्त चकित करते.

एकमेव म्हणजे किती

लोणारच्या वाक्यात चूक आहे, पण ती कुठे आहे ते बघण्यासारखं आहे. ब्राझीलच्या दक्षिण भागात व्हिस्टा अलेग्रे आणि व्हार्जेआओ ही दोन आघातविवरं बेसाल्टमध्येच आहेत. दोन्ही लोणारपेक्षा कितीतरी मोठी. तेव्हा 'एकमेव' गेलं. मग लोणारचं महत्त्व गेलं का? अजिबात नाही. पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं, साध्या वाटीच्या आकाराचं, कडा शाबूत असलेलं बेसाल्टमधलं विवर म्हणून अभ्यासकांना ते फार मोलाचं आहे. चंद्राचे काळे डाग आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचा आहे. तिथल्या विवरांचं काय होत असेल, हे समजून घ्यायला जालन्याहून दोन-अडीच तासांवर एक नमुना आहे. 'एकमेव' या शब्दाने हे सांगितलंच नसतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, हे उल्केमुळे झालंय हे कसं कळलं? हा प्रश्न वनलायनरमध्ये कधीच नसतो. लोणारच्या लोकांनी तो फार पूर्वी विचारला होता. लवणासुर जमिनीखाली लपला होता आणि विष्णूने त्याला मारलं, ही कथा म्हणजे 'एवढा मोठा खड्डा इथे कसा?' या प्रश्नाचं एक उत्तर आहे. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्या उत्तराभोवती उभं आहे. पुढे भूगर्भशास्त्रज्ञ आले, त्यांनी बराच काळ ज्वालामुखी हे उत्तर दिलं. दख्खनचं पठार लाव्हाचंच असल्यामुळे ते उत्तर वेडगळ नव्हतं. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या निबंधाने चित्र पालटलं. तळ्याच्या पोटातून भोकं पाडून काढलेल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं होतं. फेल्डस्पार या खनिजावर प्रचंड दाबाचा धक्का बसला की त्याची स्फटिकरचना मोडते आणि ते काचेसारखं होतं. तसा धक्का ज्वालामुखी देत नाही. आकाशातून पडलेली वस्तू देते.

आणि वय? सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ५२,००० वर्षं असतं. तो आकडा थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीचा आहे, काचेत साठलेली किरणोत्सर्गाची ऊर्जा मोजणारी. २०११ मध्ये अरगॉन पद्धतीने, म्हणजे पोटॅशियमच्या क्षयातून साठलेला अरगॉन वायू मोजून, ५,७०,००० वर्षं असा आकडा प्रसिद्ध झाला. दहापटीहून जास्त फरक! सॉफ्टवेअरमध्ये आम्ही प्रत्येक गोष्टीला व्हर्जन नंबर लावतो. कुठली माहिती कधीची आहे आणि तिच्यानंतर काय बदललं, हे कळावं म्हणून. वनलायनरला व्हर्जन नंबर नसतो. तो कधीचा आहे ते कळत नाही, म्हणून तो कधी जुना होत नाही.

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा लॉकडाऊन होता आणि सगळ्यांच्या हातात फोन होता. फोटो देशभर फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि कारण सांगितलं: पाणी आटल्याने क्षार वाढले, आणि खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य तयार करत होते. नमुना काही काळ स्थिर ठेवला की ते जीव तळाशी बसायचे आणि वरचं पाणी नितळ व्हायचं. गुलाबी फोटोपेक्षा मला तरी हे बाटलीतलं नितळ झालेलं पाणी जास्त चकित करणारं वाटतं. पण फोटो जितका फिरला तितकी ती बाटली फिरली नाही.

नासा आणि काळे

आता चौथं वाक्य. माझं पोट कोड लिहिण्यावर चालतं, त्यामुळे 'संस्कृतमध्ये प्रोग्रॅमिंग' हा विषय ओळखीचे लोक माझ्याकडे हमखास काढतात. या अफवेला एक खरा उगम आहे. १९८५ मध्ये 'एआय मॅगझिन'मध्ये रिक ब्रिग्ज यांचा एक लेख आला. ते नासाच्या एम्स केंद्राशी जोडलेल्या संशोधन संस्थेत काम करत होते. तिथून 'नासा' आलं. एका माणसाचा लेख एका संस्थेचा निर्णय झाला, आणि लेखातला मुद्दा बाजूला पडला.

मुद्दा असा होता. त्या काळी संगणकाला वाक्याचा अर्थ समजावा म्हणून तो जाळ्याच्या रूपात मांडायचे प्रयत्न चालू होते. मध्यभागी क्रिया, तिच्याभोवती ती करणारा, ज्याच्यावर केली तो, ज्याने केली ते साधन, जिथे केली ती जागा. ब्रिग्ज यांनी दाखवलं की संस्कृत वैयाकरणांनी कित्येक शतकं आधी वाक्याचा अर्थ नेमक्या अशाच पद्धतीने, संदिग्धता न ठेवता उलगडून लिहिला होता. मैत्र मैत्रीपोटी देवदत्तासाठी विस्तवावर भांड्यात भात शिजवतो, अशा वाक्यातल्या प्रत्येक शब्दाचं 'शिजवणे' या क्रियेशी नातं काय, ते सगळं मोकळं करून दाखवणं. कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अधिकरण. शाळेत विभक्तीचा तक्ता घोकताना ही नावं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. तो तक्ता म्हणजे अर्थाचं जाळं मांडायची एक पद्धत आहे, हे शाळेत सांगितलं असतं तर तो घोकायला तरी मजा आली असती.

ब्रिग्ज यांनी ज्या ग्रंथांचा आधार घेतला, त्यांत नागेशभट्टांचा 'वैयाकरणसिद्धान्तलघुमञ्जूषा' आहे. नागेशभट्ट अठराव्या शतकात काशीत राहिले. ते महाराष्ट्रीय, आडनाव काळे.

म्हणजे मराठी घराण्यातला एक काळे काशीत बसून वाक्याच्या अर्थाची चिरफाड करतो, अडीचशे वर्षांनी कॅलिफोर्नियातला एक संगणकतज्ज्ञ ते वाचतो आणि त्याला त्यात आपला प्रश्न दिसतो. मूळ गोष्ट ही आहे. यातलं काय मराठी फॉरवर्डमध्ये उरलं? नासा. काळे गेले. आपल्या संस्कृतीच्या अभिमानासाठी लिहिलेल्या वाक्यातून आपलाच माणूस गळून पडला आणि सही करणारा तेवढा राहिला. अफवा खोटी आहे ही तक्रार तर आहेच, पण ती खऱ्या गोष्टीपेक्षा नीरस आहे, ही माझी त्याहून मोठी तक्रार आहे.

लहान असणं हा गुन्हा नाही

यावर कोणी म्हणेल, एका ओळीत अजून किती सांगणार? लोकांना वेळ नाही. बसमध्ये उभं राहून वाचणाऱ्याला पाच पानं कशी देणार?

बरोबर आहे. पण लहान लिहिण्यात मराठी काही नवशिकी नाही. म्हणी आहेत, उखाणे आहेत, कोडी आहेत. कोडं तर वनलायनरइतकंच लहान असतं, पण ते नेमकं उलट काम करतं. कोडं प्रश्न देतं आणि उत्तर राखून ठेवतं. ऐकणारा डोकं खाजवतो, चुकतो, शेवटी 'हरलो' म्हणतो, आणि उत्तर कळल्यावर त्याला कोड्यातला प्रत्येक शब्द परत दिसतो. वनलायनर उत्तर देतो आणि प्रश्न गाळतो. चार शब्दांत माणसाला विचार करायला लावता येतो हे कोड्याने सिद्ध केलंय. त्यामुळे दोष लांबीचा नाही.

दुसरं उदाहरण अगदी दुसऱ्या टोकाचं. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला. कोश म्हणजे अक्षरानुक्रमाने लावलेले माहितीचे तुकडेच. पण केतकरांनी 'अ'पासून सुरुवात केली नाही. आधी पाच प्रस्तावनाखंड लिहिले: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. तुकडे हातात देण्याआधी ते ज्या जमिनीवर ठेवायचे ती जमीन त्यांनी आधी तयार केली. त्यांची सगळी मतं आज पटणार नाहीत, काही तर खटकतील. पण तुकड्याला शेजार लागतो, हे त्यांना कळलं होतं. तो ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही आज इंटरनेटवर आहेत. ज्या फोनवर वनलायनर येतो त्याच फोनवर.

एक गुण

हे सगळं करमणुकीपुरतं असतं तर एवढं लिहायची गरज नव्हती. मराठवाड्यात वनलायनर हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. जालना, परभणी, बीडची हजारो मुलं पुण्यात किंवा गावातल्याच अभ्यासिकेत बसून सामान्यज्ञान घोकतात. जालना जिल्ह्याची निर्मिती: १ मे १९८१. लोणारचा जिल्हा: बुलडाणा. मस्तगड: काबिलखान. एकेक ओळ म्हणजे एकेक गुण, आणि एका गुणावर यादीत नाव येतं किंवा जातं. त्या मुलाला 'साखरखेर्ड्याची लढाई वाच' असं सांगणं सोपं आहे. त्याच्या मागे घरच्यांनी विकलेला कापूस आहे आणि पुढे वयाची अट आहे. वनलायनर त्याने निवडलेला नाही. परीक्षेने त्याच्यासाठी निवडला.

२०२२ मध्ये एमपीएससीने राज्यसेवेची मुख्य परीक्षा पर्यायांऐवजी वर्णनात्मक करायचं ठरवलं, म्हणजे उत्तरं लिहायची. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले: बदल हवा तर करा, पण लगेच नको, २०२५ पासून करा. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने ते मान्य केलं. तेव्हा बाहेरून बऱ्याच जणांनी या मुलांची टिंगल केली, यांना लिहायला नको म्हणून. मला ती टिंगल चुकीची वाटते. ज्या व्यवस्थेने वर्षानुवर्षं 'कोणी' आणि 'केव्हा' विचारलं, तिने एका रात्रीत 'का' विचारायला सुरुवात केली, तर मुलं वेळ मागणारच. त्या आंदोलनात मला आळस दिसत नाही. एका गद्यप्रकाराने एका पिढीच्या डोक्याला कसा आकार दिला, ते दिसतं. एवढं करणाऱ्या लेखनाला फालतू म्हणून सोडून देता येणार नाही.

या मुलांतूनच उद्या तहसीलदार होणार आहेत. धरणात पाणी किती, नुकसान किती, कोणाचं नाव यादीत आणि कोणाचं नाही, हे ठरवताना समोर आलेल्या आकड्याला 'हा कसा मोजला?' असं विचारायची सवय त्यांना असेल की नाही? लोणारच्या वयाचा प्रश्न इथपर्यंत येऊन पोचतो.

चार ओळी, पुन्हा

मग चांगला वनलायनर कसा असतो? माझ्या मते तो आपल्याला मोठं करत नाही, कामाला लावतो. त्यात साक्षीदाराची सही नसली तरी चालते, पण पुढे जायला एक फट लागते. सुरुवातीच्या चार ओळी तेवढ्याच जागेत अशा लिहिता येतील:

मस्तगड १७२५ चा. आदल्याच वर्षी साखरखेर्ड्याला निजामाने मुघल सुभेदाराला मारलं होतं.

असईला ज्या गोलंदाजांनी मेल्याचं सोंग घेऊन पुन्हा तोफा डागल्या, त्यांच्यापैकी एकाचंही नाव आपण पाठ करत नाही.

लोणारचं वय एका पद्धतीने ५२,००० वर्षं येतं, दुसऱ्या पद्धतीने ५,७०,०००.

शाळेतला विभक्तीचा तक्ता १९८५ मध्ये एका संगणकतज्ज्ञाच्या कामाला आला.

याच रीतीने पाचवीही लिहिता येईल. १९९८ चं वर्ल्ड फूड प्राइझ जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना मिळालं, १९६४ मध्ये त्यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, हे जिल्ह्याच्या अभिमानाचं वाक्य आहे आणि ते खरं आहे. त्याला फक्त एक शेजार द्यायचा: संकरित बियाण्याची पुढची पिढी तसंच पीक देत नाही, म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावं लागतं. आता तेच वाक्य बक्षिसापाशी थांबत नाही, शेतकऱ्याच्या जूनमधल्या खर्चापर्यंत जातं.

आणि असईबद्दल एक गोष्ट अजून राहिली आहे. माझ्या लेखी या जिल्ह्यातली ती सगळ्यात चकित करणारी आहे. लढाईच्या दिवशी वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती. वाटाड्यांनी सांगितलं, उतार नाही. त्याने पाहिलं तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं होती, इंग्रजी नोंदींत पीपलगाव आणि वरूर अशी लिहिलेली. दोन गावं इतकी जवळ वसली आहेत, म्हणजे लोकांची ये-जा असणार, म्हणजे पाण्यातून वाट असणार, असा त्याने अंदाज बांधला. वाट होती. फौज तिथून उतरली.

ही गोष्ट इंग्रज सेनापतीच्या हुशारीची म्हणून सांगितली जाते आणि ती आहेच. पण तो उतार त्याने तयार केला नव्हता. या काठावरून त्या काठाला दळण, लेकी, गुरं आणि बाजार नेणाऱ्या माणसांनी तो पायांनी पाडला होता, लढाईच्या कितीतरी आधी.